नेटवर्कवरचे फोल्डर उघडत नाही तेव्हा आधी काय तपासावे

दोन संगणक एकाच राउटरला जोडलेले आहेत, दोन्हींवर इंटरनेट व्यवस्थित चालते, फोल्डर शेअर केलेले आहे, आणि तरीही एकावरून दुसऱ्यावरचे फोल्डर उघडत नाही, अशी तक्रार ओळखीतल्या लोकांकडून माझ्याकडे नेहमी येते. तोपर्यंत बहुतेकांनी फायरवॉल (बाहेरून येणारी जोडणी अडवणारी सुरक्षा) बंद केलेली असते, पासवर्डाची अट काढून टाकलेली असते आणि फोल्डरवर ‘एव्हरीवन’ला, म्हणजे कोणालाही, सगळे अधिकार देऊन ठेवलेले असतात. अशा खटपटीने कधीकधी काम होते, पण नेमके कशामुळे झाले ते कळत नाही आणि सगळे दरवाजे उघडेच राहतात. म्हणून माझा आग्रह असा असतो की कोणत्याही सेटिंगला हात लावण्यापूर्वी गाडी नेमकी कुठे अडली आहे ते शोधावे. समोरच्या संगणकापर्यंत पोहोचता येते का, त्याने फायलींसाठीचे दार उघडे ठेवले आहे का, आणि तो आपल्याला ओळखतो का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि ते याच क्रमाने सोडवावे लागतात.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करायला हवा. विंडोजच्या ‘नेटवर्क’ खिडकीत दुसरा संगणक दिसत नाही म्हणजे शेअरिंग बंद आहे, असे नाही. ती यादी तयार करणारी यंत्रणा निराळी आणि फायली पोहोचवणारी यंत्रणा निराळी. यादीत नाव येण्यासाठी समोरच्या संगणकावर ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ ही सेवा चालू असावी लागते; ती बंद असली तर नाव दिसत नाही, पण फोल्डर उघडू शकते. त्यामुळे यादीकडे दुर्लक्ष करून फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलटे तिरके दांडे आणि त्यापुढे समोरच्या संगणकाचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवर त्याला मिळालेला क्रमांक, लिहावा, उदाहरणार्थ \\१९२.१६८.१.१२, आणि एंटर दाबावे. फोल्डर उघडले तर शेअरिंग ठीक आहे, फक्त नाव शोधण्यात अडचण आहे. पुष्कळदा काम इथेच संपते, कारण त्याच पत्त्याने ड्राइव्ह जोडून घेतला की यादीची गरज उरत नाही.

आयपी पत्ता पाहण्यासाठी कमांड प्रॉम्प्ट या विंडोजच्या आज्ञा देण्याच्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) ही आज्ञा द्यावी, आणि ती दोन्ही संगणकांवर द्यावी. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्या संगणकाला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. तेव्हा केबल किंवा वायफाय आधी पाहावे. एकाचा पत्ता १९२.१६८.१ ने आणि दुसऱ्याचा १९२.१६८.० ने सुरू होत असेल, तर बहुधा घरात दोन राउटर एकामागे एक लावलेले आहेत आणि दुसऱ्याने आपले वेगळे नेटवर्क उभे केले आहे. दुसरा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ म्हणून, म्हणजे वेगळे नेटवर्क न उभारता फक्त वायफाय पुरवण्यासाठी, चालवला की हा प्रश्न मिटतो. पाहुण्यांसाठीचे वायफाय हे आणखी एक नेहमीचे कारण आहे. त्याची रचनाच अशी असते की जोडलेल्या यंत्राला इंटरनेट मिळावे, पण घरातली इतर यंत्रे दिसू नयेत. एखादा लॅपटॉप कधीतरी त्या वायफायला जोडला गेला आणि तसाच राहिला, तर बाकी सगळे बरोबर असूनही तो दुसऱ्या संगणकापर्यंत पोहोचत नाही. व्हीपीएन (संगणकाची जोडणी दुसऱ्या सर्व्हरमार्गे वळवणारी सोय) चालू असेल तर तेही तपासणीपुरते बंद करावे.

पत्ते जुळत असूनही ‘नेटवर्क पाथ सापडला नाही’ असा संदेश येत असेल, तर दाराकडे वळावे. अनेक जण इथे पिंग करून, म्हणजे समोरचा संगणक उत्तर देतो का याची छोटी चाचणी घेऊन, पाहतात आणि उत्तर आले नाही की संगणक पोहोचण्यापलीकडे आहे असे ठरवतात; परंतु विंडोजची फायरवॉल पिंगला उत्तर देणे रोखू शकते, त्यामुळे पिंगचे मौन हा पुरावा नव्हे. फायलींची देवाणघेवाण ‘एसएमबी’ या प्रोटोकॉलवर (ठरलेल्या नियमांवर) आणि ४४५ क्रमांकाच्या पोर्टवर चालते; हे पोर्ट म्हणजेच ते दार. पॉवरशेल या विंडोजच्या दुसऱ्या आज्ञा-खिडकीत ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ (Test-NetConnection) ही आज्ञा, पुढे तो आयपी पत्ता आणि ४४५ हे पोर्ट देऊन चालवली की शेवटच्या ओळीत ‘ट्रू’ किंवा ‘फॉल्स’ असे उत्तर मिळते. ‘फॉल्स’ आले तर ज्या संगणकावर फोल्डर आहे तिथे नेटवर्कचा प्रकार पाहावा. तो ‘पब्लिक’ असेल तर विंडोज त्याला अनोळखी जागा समजून हे दार बंद ठेवते, म्हणून घरच्या नेटवर्कसाठी तो ‘प्रायव्हेट’ करावा. राउटर बदलल्यावर विंडोजला ते नवे नेटवर्क वाटते आणि जुनी निवड लागू राहत नाही, त्यामुळे कालपर्यंत चालणारे शेअरिंग नव्या राउटरबरोबर बंद पडते. अँटिव्हायरसबरोबर वेगळी फायरवॉल आलेली असेल तर तिच्यातही हीच निवड करावी लागते.

यूजरनेम आणि पासवर्ड विचारणारी खिडकी आली, तर ती चांगली बातमी समजावी. संगणक सापडला आहे, दार उघडे आहे, आता फक्त ओळख पटायची आहे. सर्वांत जास्त माणसे मात्र इथेच अडकतात, कारण रोज संगणक उघडताना दिलेला पिन ते त्या खिडकीत देतात. पिन त्याच यंत्रापुरता असतो, नेटवर्कवरून तो चालत नाही. मायक्रोसॉफ्ट खाते असेल तर पूर्ण ईमेल पत्ता आणि त्या खात्याचा पासवर्ड द्यावा लागतो. स्थानिक खात्याला पासवर्डच नसेल, तर विंडोज अशा खात्याला नेटवर्कवरून आत घेत नाही. मला सर्वांत स्वच्छ वाटणारा मार्ग असा की ज्या संगणकावर फोल्डर आहे त्यावर फक्त शेअरिंगसाठी एक साधे स्थानिक खाते काढावे, त्याला चांगला पासवर्ड द्यावा आणि त्याच खात्याला त्या फोल्डरचे अधिकार द्यावेत. पूर्वी साठवलेला चुकीचा पासवर्ड विंडोजच्या ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’ या पासवर्डांच्या साठ्यात तसाच राहतो, तो आधी काढून टाकावा, नाहीतर विंडोज न विचारता तोच पुन्हा पाठवत राहते.

ओळख पटूनही ‘ॲक्सेस डिनाइड’ येत असेल, तर अधिकारांचे दोन थर तपासावेत. ‘शेअरिंग’ टॅबमधले अधिकार आणि ‘सिक्युरिटी’ टॅबमधले अधिकार वेगवेगळे असतात, आणि नेटवर्कवरून येणाऱ्याला त्यांपैकी जे कडक असतील ते लागू होतात. शेअरमध्ये लिहिण्याची परवानगी आहे पण सिक्युरिटीमध्ये फक्त वाचण्याची, तर फाइल उघडेल पण सेव्ह होणार नाही.

जुने नेटवर्क स्टोरेज (नेटवर्कला थेट जोडलेली साठवणूक) किंवा जुना मीडिया प्लेअर जोडायचा असेल तर ‘एसएमबी १ चालू करा’ हा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नये, हे मी कळकळीने सांगतो. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने याच जुन्या आवृत्तीतल्या त्रुटीचा फायदा घेतला होता, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या विंडोज १० च्या १७०९ या आवृत्तीपासून नव्या संगणकांवर ती मुळात बसवणेच बंद होऊ लागले. त्या यंत्राचे फर्मवेअर (त्याच्या आतले मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून त्यात एसएमबी २ किंवा ३ निवडावे. विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती याहून कडक आहे. पासवर्डाशिवाय ‘गेस्ट’ म्हणून मिळणारा प्रवेश तिच्यात अनेकदा नाकारला जातो, त्यामुळे स्टोरेजवर रीतसर खाते काढणे हाच उपाय उरतो.

लिनक्सवर सांबा (विंडोजशी फायली शेअर करणारे सॉफ्टवेअर) वापरत असाल तर त्याचा पासवर्ड लिनक्सच्या खात्याच्या पासवर्डाहून वेगळा असतो आणि तो ‘एसएमबीपासडब्ल्यूडी’ (smbpasswd) या आज्ञेने स्वतंत्रपणे द्यावा लागतो. मॅकवर फाइल शेअरिंग चालू करणे पुरेसे नसते. पर्यायांमध्ये जाऊन विंडोजसाठी वापरायच्या खात्यापुढे खूण करावी लागते.

सकाळी चालणारे शेअरिंग संध्याकाळी बंद पडत असेल, तर दोनच गोष्टी पाहाव्यात. फोल्डर असलेला संगणक स्लीपमध्ये गेला असेल, किंवा राउटरने त्याला नवा आयपी पत्ता दिला असेल. पहिल्यासाठी पॉवर सेटिंगमध्ये स्लीपची वेळ वाढवावी, आणि दुसऱ्यासाठी राउटरच्या डीएचसीपी (पत्ते वाटणाऱ्या) विभागात त्या संगणकासाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवावा. त्यानंतर राउटर आणि दोन्ही संगणक एकदा बंद करून पुन्हा चालू करावेत आणि तोच पत्ता वापरून फोल्डर उघडून पाहावे.