तुम्ही विचारलंत म्हणून : बाळाला अंगावरचे दूध पुरते आहे, हे कशावरून ओळखायचे?

बाळंतिणींच्या कक्षात परिचारिका म्हणून काम करताना मालिशीपासून टाळूपर्यंत असंख्य प्रश्न कानांवर येतात. पण त्यांतला एक असा आहे, की तो विचारला गेला नाही असा दिवस सहसा जात नाही. "सिस्टर, बाळाला दूध पुरतंय का?" पुष्कळदा तो प्रश्न राहिलेलाच नसतो, त्याचा निकाल झालेला असतो : "हिला दूधच येत नाही, डब्याचं लिहून द्या." बोलणारी व्यक्ती बहुधा बाळंतीण नसते. तिची सासू असते, आई असते, फोनवरून सल्ला देणारी मावशी असते; बाळंतीण मात्र खाटेवर मान खाली घालून ऐकत असते आणि आपल्यातच काही उणे आहे असे हळूहळू धरून चालते. या शंकेपोटी पहिल्या आठवड्यात घरातले जे ठरवतात, त्यावर पुढच्या सहा महिन्यांचे दूध बऱ्याच अंशी अवलंबून असते, म्हणून हे उत्तर सविस्तर लिहिते आहे.

बाळ किती रडते, आईची छाती जड आहे की हलकी, पिळल्यावर किती थेंब आले, या तिन्ही गोष्टींवरून दुधाचा अंदाज बांधता येत नाही. दूध पोटात गेले की नाही, हे बाळाची लघवी, शी आणि वजन सांगते.

पहिल्या दोन-तीन दिवसांत येणारा चीक थोडाच असतो आणि तो तेवढाच असायला हवा, कारण नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या पोटात एका वेळी चमचा-दीड चमच्याहून फारसे मावत नाही. पिवळसर, घट्ट असा हा चीक बाळाला रोगांशी लढणारी द्रव्ये देतो आणि पोटातला पहिला काळा मल बाहेर पडायलाही मदत करतो. काही घरांत तो अजूनही 'वाईट दूध' म्हणून पिळून टाकतात, याचे मला फार वाईट वाटते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात जन्मानंतर तासाभराच्या आत अंगावर घेतल्या जाणाऱ्या बाळांचे प्रमाण 41.8 टक्केच होते; म्हणजे निम्म्याहून अधिक बाळांची ही सुरुवात लांबते. पान्हा भरून येतो तो साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान, आणि सिझेरियन झाले असेल तर त्याला थोडा अधिक वेळ लागू शकतो. या मधल्या काळातच घरातल्यांचा धीर सुटतो आणि डबा उघडला जातो.

अलीकडेच सिझेरियन झालेली एक मुलगी दुसऱ्या दिवशी रडवेली होऊन बसली होती. शेजारी उभ्या असलेल्या आजी म्हणाल्या, "बघा ना, मघापासून चोखतंय, पण काहीच येत नाही." मी पाहिले तर बाळाच्या तोंडात केवळ स्तनाग्राचे टोक होते, गालांना खळ्या पडत होत्या, चट् चट् असा आवाज येत होता आणि आईचे खांदे वेदनेने कानांपर्यंत आले होते. टाक्यांवर भार येऊ नये म्हणून बाळाला तिच्या काखेखालून घेतले, पाठीला उशी दिली, बाळाचे अंग आईच्या अंगाला टेकवले आणि जांभई देताना उघडावे तेवढे त्याचे तोंड उघडेपर्यंत थांबलो. मग आधी हनुवटी टेकेल अशा बेताने त्याला स्तनाशी आणले. स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग, विशेषतः खालच्या बाजूचा, तोंडात गेला, खालचा ओठ बाहेर वळला, आणि भराभर चोखण्याची लय बदलून संथ झाली : जबडा कानापर्यंत हलायचा, क्षणभर थांबायचा, पुन्हा हलायचा. आजींना मी कान जवळ न्यायला सांगितले. "अगं, गिळतंय की!" त्या म्हणाल्या. आईला दूध येत होते. बाळाची पकड तेवढी चुकली होती. माझ्या अनुभवात 'दूध येत नाही' या तक्रारीचे सर्वांत मोठे कारण हेच आहे आणि ते बहुधा पंधरा मिनिटांत दूर होऊ शकते.

आता मोजमापाकडे वळू. पहिल्या दिवशी एखादी, दुसऱ्या दिवशी दोन अशी लघवी वाढत जाते आणि पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा, फिक्या रंगाची लघवी झाली, तर पोटात पुरेसे जाते आहे असे समजावे. पहिल्या दोन-तीन दिवसांत लंगोटावर कधी विटकरी डाग दिसतो आणि रक्त समजून घरातले घाबरतात. ते बहुधा घट्ट लघवीतले क्षार असतात. मात्र चौथ्या दिवसानंतरही तसे डाग पडत राहिले, तर दूध कमी पडत असण्याची शक्यता असते आणि बाळाला दाखवायला हवे. शीचा रंग काळ्या-हिरव्यावरून हिरवट आणि मग मोहरीसारखा पिवळा होत जातो. पाचव्या दिवशीही ती काळीच असेल, तर थांबू नये. जुन्या सुती साडीच्या लंगोटाचा येथे मोठा फायदा आहे, कारण ओले झालेले लगेच कळते. डायपर ओलावा पिऊन घेते, त्यामुळे नव्या आईला लघवी झाली की नाही याचा अंदाज येत नाही. निदान पहिला आठवडा तरी दिवसा लंगोट वापरावा, असे मी आग्रहाने सांगते. डायपरच वापरायचे असेल, तर कोऱ्या डायपरवर तीन मोठे चमचे पाणी ओतून ते हातात धरून पाहावे, म्हणजे भिजलेल्या डायपरचे वजन हाताला कळते.

वजनाच्या बाबतीत गैरसमज अधिक आहेत. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत वजन घटणे नैसर्गिक आहे. 3 किलोचे बाळ तिसऱ्या दिवशी 2.8 किलो भरले, तर कोणाचाही दोष नसतो. घट दहा टक्क्यांच्या जवळ जाऊ लागली, तर मात्र पाजण्याची नीट तपासणी व्हायलाच हवी. दहा ते चौदा दिवसांत जन्माचे वजन भरून यावे आणि त्यापुढे सुरुवातीचे काही महिने दिवसाला साधारण 20 ते 30 ग्रॅमची भर पडावी. वजन शक्यतो एकाच काट्यावर आणि कपडे काढून करावे. दवाखान्यात प्रसूती झाली असेल, तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. त्यांच्याकडून वजन अवश्य करून घ्यावे. नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याची ही पद्धत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या खेड्यांत उभी केली, तिथल्या बालमृत्यूंतली घट 1999 मध्ये जगापुढे मांडली आणि पुढे ती देशभर स्वीकारली गेली. आशाताई दारात आल्यावर "आमचं बाळ ठीक आहे" म्हणून त्यांना परत पाठवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

राहिले रडणे. भूक लागलेले बाळ आधी मान वळवून शोधते, मूठ तोंडाकडे नेते, ओठ चाटते. रडणे ही भुकेची शेवटची खूण आहे, आणि रडून लाल झालेल्या बाळाला अंगावर घेणे अवघड जाते. शिवाय प्रत्येक रडणे भुकेचे नसते. दुसऱ्या आठवड्यापासून संध्याकाळचे रडणे वाढत जाते, साधारण सहाव्या आठवड्यात ते सर्वाधिक असते आणि नंतर ओसरते. नेमक्या याच सुमारास आईची छाती पूर्वीइतकी दाटून येईनाशी होते, कारण दूध बाळाच्या गरजेशी जुळलेले असते. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की 'दूध आटलं' असे घरात जाहीर होते. मग बाटली दिली जाते, बाळ ती गटागट पिते आणि शांत झोपते, त्यामुळे शंकेवर शिक्कामोर्तब होते. वास्तविक त्या वयात तोंडाशी आलेले काहीही बाळ चोखते आणि डब्याचे दूध पचायला अधिक वेळ लागत असल्याने झोपही लांबते. त्या झोपेच्या वेळेत बाळ अंगावर नसते आणि बाळ जितके ओढते तितके दूध तयार होत असल्याने दुसऱ्या दिवशी खरोखरच ते थोडे कमी येते. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा, रात्रीचेही न चुकवता पाजणे, यासारखा दूध वाढवण्याचा दुसरा उपाय नाही. डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर बाळंतिणीने आवडीने खावी, ते तिच्या शरीराला हवेच आहे. पण पान्हा बाळाच्या ओढण्याने फुटतो. पथ्याच्या नावाखाली तिचे पाणी तोडणे किंवा तिला केवळ मऊ भातावर ठेवणे मात्र तिच्यावर अन्याय करणारे आहे. भीती, वेदना आणि टोमणे यांनी पान्हा अडतो, हे मी रोज पाहते.

उन्हाळ्यातही सहा महिन्यांपर्यंत वेगळे पाणी लागत नाही, कारण आईच्या दुधात सुमारे 87 टक्के पाणीच असते. सहाणेवर उगाळलेली गुटी प्रेमापोटी दिली जाते हे मला ठाऊक आहे; तरीही सहाण, हात आणि पाणी यांतून जंतुसंसर्ग होण्याचा धोका या वयात परवडणारा नाही. मध तर वर्षाच्या आत कधीही देऊ नये, त्यातल्या जिवाणूंमुळे तान्ह्या बाळाला जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो.

काही आयांना खरोखरच दूध कमी येते. प्रसूतीत फार रक्तस्राव झालेला असतो, थायरॉइडचा त्रास असतो, वारेचा तुकडा आत राहिलेला असतो, स्तनांची शस्त्रक्रिया झालेली असते. कधी बाळ दिवस भरण्याआधी जन्मलेले असते आणि त्याला ओढण्याची ताकद नसते. अशा वेळी डॉक्टरांनी वरचे दूध सांगितले, तर ते अवश्य द्यावे, आणि त्या आईला कोणी एका शब्दानेही बोलू नये. अकाली जन्मलेल्या बाळांसाठी दुग्धपेढी, म्हणजे इतर आयांनी दान केलेले दूध साठवून ठेवणारी पेढी, हा मोठा आधार आहे. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या प्रयत्नांतून 1989 मध्ये देशातली अशी पहिली पेढी सुरू झाली. बाळ पाजायला उठतच नसेल, अंग गार किंवा तापलेले लागत असेल, श्वास धापेसारखा चालत असेल, छाती आत ओढली जात असेल, झटके येत असतील किंवा पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत उतरला असेल, तर लंगोट मोजत बसू नये. रात्र असली तरी थेट रुग्णालय गाठावे.

वरचे दूध द्यावे लागलेच, तर प्रत्येक वेळी आधी बाळाला दोन्ही बाजूंना अंगावर घ्यावे, त्यानंतर आईचे काढून ठेवलेले दूध द्यावे आणि ते पुरले नाही तरच डॉक्टरांनी सांगितलेले दूध सांगितलेल्या मापात द्यावे. बाटली टाळून उकळलेली वाटी आणि चमचा वापरावा. बाळाला उठते धरून चमचा खालच्या ओठाशी टेकवला, की ते स्वतःच जिभेने दूध घेते. दर दोन-तीन दिवसांनी वजन करून ते चांगले वाढू लागले, की डॉक्टरांना विचारून वरच्या दुधाचे माप हळूहळू कमी करता येते.