शिशाचा एक थेंब

सकाळी नऊलाच माझं काम अडलं. क्युव्हेटमध्ये, म्हणजे मोजणीच्या छोट्या पारदर्शक भांड्यात, फक्त बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) आणि कॅल्मॉड्युलिन हे प्रथिन होतं, कोणताही धातू अजून घातलेला नव्हता, तरी चमक मोजणाऱ्या फ्लोरीमीटरचं रीडिंग वर चढलेलं. पुण्यातल्या लॅबमधलं माझं पीएचडीचं ते दुसरं वर्ष. कुठला धातू या प्रथिनाला किती जागं करतो ते मोजायचं होतं, आणि हे तर आधीच जागं होऊन बसलेलं!

कॅल्मॉड्युलिन म्हणजे अवघ्या 148 अमिनो आम्लांचं प्रथिन. पेशीत मोकळं कॅल्शियम साधारण 100 नॅनोमोलर, म्हणजे अगदी विरळ असतं, बाहेर त्याच्या दहा हजार पट. निरोप आला की दारं उघडतात, कॅल्शियम आत शिरतं आणि या प्रथिनाच्या चार कप्प्यांत जाऊन बसतं. मग प्रथिन उघडतं, त्याचा आत दडलेला तेलकट भाग वर येतो आणि त्या भागानं ते दुसरी एन्झाइमं पकडून कामाला लावतं. आम्ही त्याला डॅन्सिल नावाचा चमकणारा रेणू जोडला होता. प्रथिन उघडलं की चमक वाढते.

क्युव्हेटमध्ये चिमूटभर ईजीटीए घातलं. ते कॅल्शियम घट्ट धरून ठेवतं. चमक झर्रकन खाली आली. म्हणजे बफरमध्येच कॅल्शियम होतं. चूक माझीच. चेलेक्स रेझिनमधून गाळून धातू काढलेला बफर मी रात्री काचेच्या बाटलीत भरून ठेवला होता. काचेतून कॅल्शियम सुटतं आणि कॅल्मॉड्युलिनला तेवढंही पुरतं.

सरांना सांगितलं तर त्यांनी रिंगरची गोष्ट काढली. सिडनी रिंगर हा डॉक्टर लंडनमध्ये बेडकाचं हृदय मिठाच्या पाण्यात धडधडत ठेवत असे. पुढे कळलं, ते पाणी ऊर्ध्वपातित नव्हतंच, नळाचं होतं. हृदय चालत होतं ते त्यातल्या कॅल्शियमवर. 1883 साली त्यानं ते सरळ छापून कबूल केलं. तेव्हापासून रिंगरबद्दल मला फार आदर वाटतो.

प्लास्टिकच्या बाटल्या आम्लानं धुवून, नवा बफर करून पुन्हा सुरुवात करेपर्यंत दुपार झाली. आता रीडिंग अगदी तळाला होतं.

आधी मॅग्नेशियम. मिलिमोलरपर्यंत, म्हणजे पेशीत असतं साधारण तेवढं घातलं, तरी चमक जेमतेम हलली. त्याचा आयन लहान, त्रिज्या 72 पिकोमीटर, आणि त्याला भोवती सहाच ऑक्सिजन लागतात. कॅल्शियमची त्रिज्या 100, आणि या कप्प्यात ते सात ऑक्सिजन घेतं. त्यातले दोन कप्प्याच्या बाराव्या जागेवरच्या ग्लुटामेट या एकाच अमिनो आम्लाकडून येतात, आणि ती दुहेरी पकड बसली की प्रथिन उघडतं. मॅग्नेशियम कप्प्यात बसलं तरी ही पकड नीट बसत नाही. पेशीत एवढं मॅग्नेशियम असूनही खोटा निरोप जात नाही, तो यामुळे. मला हे आजही विलक्षण वाटतं.

मग कॅल्शियम. रीडिंग अपेक्षेप्रमाणे सावकाश चढत गेलं.

शेवटी शिसं. त्याचा आयन 119 पिकोमीटर, कॅल्शियमपेक्षा मोठा, त्यामुळे नीट बसणार नाही अशी माझी समजूत. बफरमध्ये फॉस्फेट नको, नाहीतर शिसं साक्यासारखं खाली बसतं. ईजीटीएही नको, कारण ते शिशाला कॅल्शियमपेक्षाही घट्ट धरतं. म्हणूनच सकाळच्या त्या बफरमध्ये ईजीटीए घालून भागवता येत नव्हतं. लेड नायट्रेटचं अगदी पातळ द्रावण करून पिपेटनं एक थेंब सोडला. रीडिंग वर गेलं. दुसरा थेंब, आणखी वर. कॅल्शियम जेवढं लागलं त्याच्या कितीतरी कमी शिशात प्रथिन उघडत होतं. पिपेट चुकलं असेल म्हणून तीनदा मोजलं. तिन्ही वेळा तेच.

शिसं मेंदूला घातक, हे शाळेपासून पाठ होतं. मेंदूतलं प्रोटीन कायनेज सी हे एन्झाइम शिशाच्या पिकोमोलर, म्हणजे नॅनोमोलरहूनही कितीतरी कमी मात्रेनंही चेतवलं जातं, हा 1988 चा शोधनिबंधही वाचलेला. पण कॅल्शियमच्या कप्प्यात शिरून, कुणी न पाठवलेला निरोप देताना शिशाला मी माझ्या डोळ्यांनी पहिल्यांदाच बघत होते.

आणि मला बाबा आठवले. कराडला त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. उजव्या हातात सोल्डरिंग आयर्न, डाव्या हातात बोर्ड, आणि सोल्डरची तार दातांत. तीस वर्षं. त्या तारेत 40 टक्के शिसं असतं. शाळेतून आले की मी त्यांच्या शेजारी बसून तारेचे पडलेले तुकडे गोळा करायची, त्यांचे मणी वळायची.

सातला लॅबबाहेर येऊन फोन लावला. म्हटलं, "बाबा, उद्यापासून तार तोंडात धरायची नाही." कारण सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अगं, मग तिसरा हात कुठून आणू?"

शनिवारी बुधवार पेठेतून चिमटे लावलेला छोटा स्टँड घेतला आणि कराडची एसटी पकडली. रक्ततपासणीसाठी त्यांना पुण्याला घेऊन यायचं, हे गाडीतच ठरवलं होतं.