तीन टनांच्या ओझ्याला 40 टनी क्रेन

द्राक्षाचा हंगाम जोर धरायच्या आत आमच्या कोल्ड स्टोअरेजच्या गच्चीवर नवा कंडेन्सर चढवायचा होता. वजन पावणेतीन टन. ज्याला विचारावं तो म्हणे, "एवढ्याला काय, हायड्रा बोलवा." हायड्रा म्हणजे ओझं उचलून चालणारी छोटी क्रेन. निफाडकडे ती हाकेसरशी मिळते, त्यामुळे सल्ला स्वस्तच.

ट्रक क्रेनवाल्याने मात्र भाडं सांगण्याआधी माणूस पाठवला. त्याने वजन एकदाच विचारलं, बाकी वेळ टेप घेऊन फिरत होता. मोजमाप भिंतीपासून धरायचं नसतं, क्रेनच्या फिरत्या मध्यापासून धरायचं. पाइपांमुळे क्रेन भिंतीला टेकणार नव्हती आणि कंडेन्सर गच्चीत बराच आत बसणार होता. सगळं धरून 14 मीटर. मग त्याने लोड चार्ट, म्हणजे किती अंतरावर क्रेन किती वजन उचलते याचा तक्ता, उघडला: जी क्रेन 3 मीटरवर 40 टन उचलते, ती 14 मीटरवर जेमतेम 6 टनांपर्यंत येते. त्यातून हुक, बेल्ट, बीम यांचं वजनही वजा करायचं. "हायड्रा इथे हात टेकेल, साहेब," एवढंच तो म्हणाला.

खरी कटकट जमिनीची. आमच्याकडे काळी माती, वरून टणक दिसते पण पावसाळ्यानंतर आत ओल राहते. मुरूम टाकून रोलर फिरवला, तरी क्रेनला आधार देणाऱ्या प्रत्येक जॅकखाली लाकडी स्लीपर (जाड ओंडके) आडवे-उभे रचायला लावले. हे जॅक ज्यांच्या टोकाला असतात ते आउटरिगर, म्हणजे क्रेनचे बाजूला निघणारे पाय, चारही पूर्ण बाहेर, चाकं जमिनीपासून उचललेली, लेव्हलचा बुडबुडा मध्यात. याला उचलण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ गेला. दरम्यान मी क्रेनचं तपासणी प्रमाणपत्र आणि ऑपरेटरचं लायसन्स पाहून घेतलं. प्रमाणपत्राला वर्ष उलटलेलं नाही ना, हे तारखेवरून लगेच कळतं. कडेची 11 केव्ही लाइन महावितरणकडून आधीच बंद करून घेतली होती.

ओझं बांधायचे बेल्ट हिरवे, म्हणजे 2 टनी, चार कोपऱ्यांना चार. ते थेट हुकात घातले असते तर आत ओढले जाऊन पत्रा चेपला असता, म्हणून हुक आणि बेल्ट यांच्यामध्ये आडवा बीम घेतला. आधी अर्ध्या फुटावर उचलून थांबवलं. बाजू झुकत होती, खाली घेऊन एक शॅकल (बेल्ट जोडायची कडी) बदललं.

पुढे ऑपरेटरला गच्ची दिसतच नव्हती. वॉकीटॉकीवर एकच खलाशी, म्हणजे क्रेनला इशारे देणारा कामगार, बोलत होता: "हाबिस... हाबिस... बस. आर्या, हळू आर्या." हाबिस म्हणजे वर घे, आर्या म्हणजे खाली सोड. आमच्या फिटरने मध्येच "डावीकडे!" अशी आरोळी ठोकली, तर खलाशाने काम थांबवून आधी फिटरला गप्प केलं. मला ते आवडलं. खालून दोन पोरं दोर धरून कंडेन्सर गरगरू देत नव्हती.

कंडेन्सर त्याच्या चौथऱ्यावर बसला, बोल्ट लागले, तेव्हा कुठे बेल्ट सैल केले. भाडं पूर्ण शिफ्टचं आणि येण्या-जाण्याचं वेगळं, हे आधीच ठरलेलं. वेळ शिल्लक होता, म्हणून गच्चीवरची गंजलेली पाण्याची टाकीही त्याच खर्चात उतरवून घेतली.