योग्य मार्गे

तेहेतीस वर्षं मी आवक-जावक सांभाळली. कागद आला की शिक्का, तारीख, क्रमांक. गेला की स्थळप्रत फाइलला. निवृत्त झाल्यापासून रात्री अमेरिकेचे एके काळचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रुझवेल्ट यांचा पत्रव्यवहार वाचत बसते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्यांचे अडीच लाखांहून अधिक कागद इंटरनेटवर ठेवले आहेत. पत्र तोंडी सांगायचं, टाइप होऊन आलं की ओळींच्या मधल्या जागेत शाईने भर घालायची, ही त्यांची सवय. ती भर वाचताना माणूस शेजारी उभा आहे असं वाटतं.

त्यातही १९०५ च्या उन्हाळ्यापाशी मी पुन्हा पुन्हा येते. तेव्हा रशिया आणि जपानचं युद्ध चालू होतं. मेच्या अखेरीस त्सुशिमाच्या समुद्रात जपानने रशियाचं आरमार बुडवलं. सात महिने प्रवास करून आलेलं ते आरमार दोन दिवसांत संपलं. पण जिंकणाऱ्या जपानचा खजिनाही रिता होत आला होता. लगेच त्यांच्या वॉशिंग्टनमधल्या राजदूताने, ताकाहिरांनी, रुझवेल्टना गुप्त निरोप दिला: दोन्ही पक्षांना तुम्ही बोलणीला बोलवा, मात्र ते पूर्णपणे स्वतःहून केल्यासारखं असू द्या. मागणी आपली, पत्र दुसऱ्याच्या सहीने. कचेरीत काम केलेल्या कुणालाही हे लगेच कळेल.

आता रशियाला विचारायचं कुणामार्फत? वॉशिंग्टनमधले रशियन राजदूत कासिनी यांच्यावर रुझवेल्टचा भरवसा नव्हता. म्हणून त्यांनी सेंट पीटर्सबर्गमधले आपले राजदूत मायर यांना थेट झारकडे, म्हणजे रशियाच्या सम्राटाकडे, पाठवलं. ७ जूनला मायर झारला भेटले. झार कबूल झाला, पण अटीवर: जपान हो म्हणेपर्यंत माझा होकार कुणाला कळता कामा नये. दुसऱ्या दिवशी दोन्ही सरकारांना एकाच मजकुराचं निमंत्रण गेलं. दोघांनी आधीच हो म्हटलेलं, आणि जगाला वाटलं की राष्ट्राध्यक्षांनी मनावर घेतलं. मला हा मसुदा फार आवडतो. त्यात एक शब्द इकडचा तिकडे झाला असता तर कुणाची तरी मान खाली गेली असती.

मधली पायरी ओलांडणं हा रुझवेल्टचा हातखंडाच होता. ब्रिटनचे राजदूत होते मॉर्टिमर ड्युरँड, ज्यांच्या नावाचा फुटबॉल करंडक आपल्याकडे आजही खेळला जातो. त्यांच्याशी काही जमेना, म्हणून मनातलं सगळं लिहायचं ते जुना मित्र स्प्रिंग राइस याला. तो रुझवेल्टच्या लग्नात नवरदेवाच्या बाजूला उभा राहिलेला आणि १९०५ साली सेंट पीटर्सबर्गच्या ब्रिटिश वकिलातीत होता.

५ ऑगस्टला ऑयस्टर बे इथे, ‘मेफ्लॉवर’ जहाजावर, दोन्ही शिष्टमंडळं समोरासमोर आली. कोण कुठे बसणार हा वादच नको म्हणून जेवण उभ्यानेच. पुढे पोर्ट्समथला तह झाला, ५ सप्टेंबरला सह्या झाल्या, पुढच्या वर्षी रुझवेल्टना नोबेल मिळालं. हे सगळीकडे लिहिलेलं आहे.

मी थांबते ती आदल्या दिवशी. ४ ऑगस्टला दोन कोरियन माणसं रुझवेल्टच्या घरी आली होती. एक हवाईतले पाद्री युन, दुसरे विद्यार्थी सिंगमन री, जे पुढे दक्षिण कोरियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. हवाईतल्या आठ हजार कोरियनांचं निवेदन घेऊन ते आले होते: कोरियाशी केलेल्या १८८२ च्या करारात अमेरिकेने मध्यस्थीचा शब्द दिला आहे, तो आता पाळा. रुझवेल्ट चांगलं बोलले, आणि म्हणाले, हे तुमच्या वकिलातीमार्फत येऊ द्या.

योग्य मार्गे सादर करावे.

वॉशिंग्टनमधल्या कोरियन वकिलातीच्या प्रमुखाने आपल्या सरकारची आज्ञा नाही म्हणून कागद पुढे पाठवला नाही. त्या सरकारला १९०४ च्या करारापासून परराष्ट्र व्यवहारात जपानला विचारावं लागत होतं. म्हणजे ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणं, त्याच्याच दारातून वाट.

मी तारखा फाइलला लावतात तशा लावल्या. जुलैत रुझवेल्टचे युद्धमंत्री टाफ्ट हवाईतल्या होनोलुलूला थांबले, तिथे त्यांनी याच युनना रुझवेल्टच्या नावे ओळखपत्र दिलं. तेच टाफ्ट पुढे टोकियोला गेले आणि जपानी पंतप्रधान कात्सुरांशी बोलताना कोरियावर जपानचं वर्चस्व मान्य केलं. ३१ जुलैला रुझवेल्टची तार गेली की तुमचा शब्द न् शब्द मला मान्य आहे. चार दिवसांनी त्या दोघांना मार्ग सांगितला गेला. टाफ्ट-कात्सुरांची ती बोलणी लोकांपुढे आली १९२४ साली.

कधीकाळी एका अंगणवाडी सेविकेचा अर्ज थेट माझ्या टेबलावर आला होता. पर्यवेक्षिकेविरुद्ध तक्रार. मीच शेरा लिहिला, ‘योग्य मार्गे सादर करावा’, आणि परत दिला. मार्ग त्या पर्यवेक्षिकेकडूनच जात होता. नियमाला धरून होतं. ती बाई पुन्हा आली नाही. तिचं अक्षर गोल होतं, अजून डोळ्यांपुढे आहे.

नोव्हेंबर १९०५ मध्ये कोरियाचा परराष्ट्र व्यवहार जपानच्या ताब्यात गेला आणि वॉशिंग्टनची वकिलात बंद झाली. लोगन सर्कलवरची ती इमारत कोरियाने २०१२ साली परत विकत घेतली, आता तिथे संग्रहालय आहे. भाची व्हर्जिनियात राहते. तिच्याकडे जाईन तेव्हा आधी तिथे न्यायला सांगितलं आहे.