रात्री तीनला कपाटापाशी

१४ जून

पहाटे तीनच्या सुमाराला पॅसेजमध्ये खुडबुड ऐकू आली म्हणून उठले. बाबा पुस्तकांच्या कपाटासमोर उभे होते. दातांत छोटी बॅटरी, एका हाताने काच सरकवून धरलेली, दुसऱ्या हाताने एकेक पुस्तक अर्धवट बाहेर ओढून बघणं चाललेलं. मी दिव्याच्या बटणाकडे हात नेला तर तोंडातल्या बॅटरीसकट "ऊं ऊं" करून नको म्हणाले. पॅसेजचा दिवा लावला की उजेड दारावरच्या काचेतून थेट लेकीच्या तोंडावर पडतो, आणि तिचं कॉलेज सकाळी सातचं.

बाबांना ही सवय आजची नाही. साताऱ्यालाही ते रात्री उठून वाचायचेच, पण तिथे कपाट त्यांच्या खोलीत होतं आणि शेजारी उजव्या हाताला दिव्याचं बटण. आता ते आमच्याकडे आणि कपाटही आमच्याकडे. सागवानी, सहा फूट उंच, वरचे तीन कप्पे सरकत्या काचांमागे, खालचे दोन उघडे. फ्लॅटमध्ये ते मावेल अशी भिंत एकच, पॅसेजची, आणि तिथे प्लग नाही. सगळ्यात जवळचा प्लग बाथरूममधल्या गीझरचा. घर भाड्याचं. करार करतानाच मालकांनी बजावलंय की भिंतीत खिळासुद्धा मारायचा नाही, मग नवा पॉइंट काढून घेणं लांबच राहिलं.

म्हणजे सेलवर चालणारं काहीतरी बघायला हवं. आमच्या घरात बॅटरी म्हणजे टॉर्च आणि तिच्या पोटात घालायचे ते सेल. नवरा त्या सेलांनाच बॅटऱ्या म्हणतो, त्यामुळे "बॅटरी आण" म्हटल्यावर तो काय घेऊन येईल याचा नेम नसतो.

१७ जून

दोन दिवस फोनवर उजळलेल्या कपाटांचे फोटो बघितले. सगळीकडे एकच थाट: पुस्तकांच्या मागून सोनेरी उजेड, मधे एक पितळी हत्ती, एक कुंडी, पुस्तकं मोजून अकरा. आमच्या कपाटात पुस्तकं दोन रांगांत आहेत आणि रांगांवर आडवे दिवाळी अंक. मागून उजेड सोडला तर तो मागच्या रांगेच्या पाठीवर पडणार.

तरी भुललेच. लेकीच्या वह्या घ्यायला अप्पा बळवंत चौकात जायचं होतं, तिथून तपकीर गल्ली चार पावलांवर. (एका चौकात पुस्तकं आणि पलीकडच्या गल्लीत उजेड, ही सोय पुण्यातच.) दुकानदाराने काउंटरवर गोल चकत्या मांडल्या, दाबलं की लागणाऱ्या, मागे चिकटपट्टी, आत रिमोटचे तीन तीन सेल. "वॉर्म देऊ की व्हाइट?" मी म्हटलं, "व्हाइट, नीट दिसायला हवं." सहा घेतल्या. घरी येऊन हिशोब केला तेव्हा कळलं, सहा चकत्यांचे अठरा सेल झाले. ते वेगळे आणावे लागले.

१९ जून

चकत्या नापास.

प्रत्येक चकतीखाली तीन पुस्तकं लख्ख आणि शेजारची सात अंधारात. मी त्या कप्प्याच्या छताला मध्यावर चिकटवल्या होत्या, तिथून उजेड पुस्तकांच्या डोक्यावर पडतो. नाव लिहिलेलं असतं पुढच्या कण्यावर, तो सावलीत. मग काढून अगदी पुढच्या कडेला आणल्या, थोड्या आत कललेल्या. हे मात्र जमलं. कण्यावर वरून खाली उजेड घसरत येतो आणि पुसट सोनेरी अक्षरंसुद्धा उठून दिसतात. बाकी काही नाही तरी एवढं शिकले.

पण दाबायच्या सहा, विझवायच्या सहा. बाबांनी काल रात्री चार लावल्या, तीन विझवल्या. चौथी सकाळी मिणमिणत होती. नवरा म्हणाला चार्ज होणारे सेल घाल, घरात आहेत. घातले, तर चकती पहिल्या मिनिटापासून मंद. साधा अल्कलाइन सेल दीड व्होल्टचा, चार्ज होणारा एक पूर्णांक दोनचा. तिन्ही मिळून साडेचारऐवजी तीन पूर्णांक सहाच होतात, आणि पांढऱ्या एलईडीला स्वतःलाच तीनेक व्होल्ट लागतात. साध्या चकतीत ही तूट भरून काढणारं काही नसतं. तरी चार्ज होणारे सेल उतरत आले तरी बराच वेळ एकसारखे चालतात. साधे सेल पहिल्या दिवशी झगमगतात आणि मग रोज थोडे थोडे विझत जातात.

२३ जून

आज खरी गंमत झाली, आणि ते मी आधीच विचारायला हवं होतं.

बाबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मार्चमध्ये झालं. डाव्याचं व्हायचंय. संध्याकाळी मी त्यांना कपाटापुढे उभं करून विचारलं, "दिसतंय का नीट?" त्यांनी आधी डावा डोळा झाकला, मग उजवा, मग परत डावा. दुकानात आरसा पारखावा तसं. म्हणाले, "अगं, या डोळ्याने हा उजेड निळा आहे. या डोळ्याने बरा आहे. कुठल्या डोळ्यासाठी आणलायस?"

वयाबरोबर डोळ्यातलं नैसर्गिक भिंग पिवळं पडत जातं आणि निळा उजेड गाळून टाकतं. ते इतकं हळूहळू होतं की माणसाला पत्ता लागत नाही. ऑपरेशनमध्ये ते काढून स्वच्छ भिंग बसवलं की एकाएकी निळं परत निळं दिसायला लागतं. आमच्या पिशवीवर लिहिलं होतं ६५०० के (केल्विन; आकडा मोठा तितका उजेड निळसर, लहान तितका पिवळा). दुपारच्या उजेडासारखा पांढरा, निळसर झाक असलेला. बाबांच्या डाव्या डोळ्याला तो साधा पांढरा दिसत होता, उजव्याला ट्यूबलाइट. मग सांजवेळेचे वाटावेत असे पिवळे, सत्तावीसशेचे, शेजारणीकडून एक रात्र आणून लावले तर उजवा खूष आणि डावा म्हणे, "चिमणी लावलीस का?" साताऱ्याच्या घरात लहानपणी त्यांनी चिमणीवरच अभ्यास केला. त्यांच्या तोंडी ती शिवीही असते आणि कौतुकही, त्या क्षणी कुठली ते कळलं नाही.

शेवटी ४००० वर तडजोड. दुसरा डोळा होईपर्यंत तरी.

खोक्यावर आणखी एक आकडा असतो, सीआरआय. रंग खऱ्यासारखे दिसण्याचा गुण, शंभरपैकी. स्वस्तातल्या दिव्यांवर बहुतेक वेळा तो छापलेलाच नसतो. आमच्याकडे त्याला अर्थ आहे, कारण बाबा पुस्तक नावाने शोधत नाहीत. "ते मरून रंगाचं, जाड" असं शोधतात. चकत्यांच्या उजेडात मरून, तपकिरी आणि जुनाट हिरवं एकाच मापाचं चॉकलेटी दिसत होतं. नव्वदच्या वरचा घ्यायचा असं ठरवलं.

२८ जून

सेन्सरवाली पट्टी आणली. ४० सेंटिमीटर लांब, आत चार्ज होणारा लिथियमचा सेल, बाजूला टाइप-सीचं भोक, मागे लोहचुंबक. कपाटाला फक्त एक पातळ लोखंडी पट्टी चिकटवायची, दिवा तिच्यावर टक्‌कन बसतो. चार्जिंगला काढायचा, परत लावायचा. कुठे खिळा नाही, वायर नाही. अंधार असेल आणि माणूस हलला तर लागतो, २० सेकंद कोणी हललं नाही तर विझतो.

मधल्या कप्प्यात, काचेच्या आत, पुढच्या कडेला लावली. रात्री दिवे घालवून आम्ही चौघं कपाटासमोर ओळीने उभे. काही नाही. नवऱ्याने हात हलवला. लेकीने उडी मारली. बाबा म्हणाले, "आरती म्हणू का?" पट्टी ढिम्म. मी मनातल्या मनात दुकानदाराला चार शब्द ऐकवले. तेवढ्यात लेकीने काच सरकवली आणि लख्खकन उजेड पडला.

तो सेन्सर माणूस पाहतच नाही, माणसाच्या अंगाची उष्णता हललेली पाहतो. त्या उष्णतेचे किरण काचेतून आरपार जात नाहीत. आपल्याला काच पारदर्शक, त्याला भिंत. दुकानदाराची काही चूक नव्हती. कपाटाला काचा आहेत हे मी त्याला सांगितलंच नव्हतं.

१ जुलै

मधे एक दिवस नवऱ्याने वेगळा मार्ग काढला: पाच व्होल्टची एलईडीची चिकटपट्टी, कपाटाच्या माथ्यावर जुनी पॉवर बँक, वायर मागून खाली. दिसायला सुरेख झालं होतं, खरंच. पण उजेड कमी केला की पाऊण मिनिटात पॉवर बँक आपोआप बंद. एवढा कमी करंट जातोय म्हणजे फोन भरला, अशी तिची समजूत. पूर्ण उजेडात ठेवलं की चालते, आणि मग लेकीच्या तोंडावर पुन्हा उजेड. रद्द.

पुस्तकांचे रंग उडतील का, असंही त्याने विचारलं. संग्रहालयात जुन्या कागदांवर ५० लक्सच्या आसपासच, म्हणजे अगदी मंद उजेड ठेवतात हे खरं आहे, पण तो दिवसभर असतो. आमचा रात्रीतून दहा मिनिटं, आणि एलईडीत अतिनील किरण जवळपास नसतातच. रंग उडवायला पॅसेजच्या टोकाची पश्चिमेची खिडकी समर्थ आहे. त्या बाजूच्या लाल कण्यांचा रंग केव्हाच गुलाबी झालाय. खिडकीला पडदा लावला. या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात स्वस्त आणि कामाचा खर्च तोच असावा.

६ जुलै

दोन पट्ट्या, ४००० वाल्या, काचेच्या बाहेर. कपाटाच्या माथ्याला पुढे आलेली जी नक्षीची पट्टी आहे तिच्या आतल्या बाजूला एक. ती वरच्या तिन्ही कप्प्यांवर काचेतून उजेड सोडते, आणि नक्षीमुळे दिवा स्वतः डोळ्यात येत नाही. म्हाताऱ्या डोळ्यांना उजेड जास्त लागतो पण दिवा समोर दिसला की ते लगेच दिपतात, त्यामुळे ही नक्षी माझ्या दृष्टीने अर्धं काम करते. दुसरी खालच्या उघड्या कप्प्यांसाठी, गुडघ्याच्या उंचीवर.

खालची जरा त्रासदायक आहे. बाथरूमला जाणाऱ्या प्रत्येकाला ती सलाम करते. थोड्याच दिवसांत तिचा सेल संपला, वरचीचा निम्माही नाही. आता दर रविवारी दोन्ही काढून ओट्यावर फोनच्या चार्जरला लावते, कुकरपासून लांब.

११ ऑगस्ट

चकत्या देवघराच्या खणात टाकल्या होत्या. आज राखी पौर्णिमेचं सामान शोधताना हाताला लागल्या. दोघींच्या पोटात पांढरी भुकटी. सेल आतच विसरले होते, त्यांतले काही नवऱ्याने रिमोटमधले अर्धे संपलेले घातले होते. नव्यांबरोबर जुना सेल घातला की जुना आधी संपतो आणि बाकीचे त्याला पिळत राहतात, मग तो फुटून गळतो. लिंबाच्या रसात बुडवलेल्या कापसाने पत्रे पुसले. एक वाचली.

संपलेले सेल आइस्क्रीमच्या डब्यात साठवते आहे, एकवीस झालेत. २०२२च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनी ते परत गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकली आहे. डबा अजून आमच्याच ओट्याखाली आहे.

काल रात्री पुन्हा जाग आली. पॅसेजमध्ये उजेड होता, पण लेकीच्या दारापर्यंत न पोचणारा. बाबांना पुस्तक सापडलं होतं आणि ते खोलीत न जाता तिथेच उभ्या उभ्या वाचत होते. वाचताना माणूस हलत नाही, त्यामुळे २० सेकंदांनी दिवा विझला. त्यांनी पानावरून मान न उचलता डावा पाय थोडा पुढे केला. दिवा लागला. पुन्हा विझला, पुन्हा पाय. पाच-सहा वेळा झाल्यावर त्यांनी पाय तसाच हळूहळू हलवत ठेवला, पाळण्याला झोका द्यावा तसा, आणि पान उलटलं.