ओट्यावरचे डबे

रविवार, रात्री

ओट्यावर सात डबे होते, त्यातला एकही आमचा नाही. डिसेंबर ते मार्च मी अंथरुणातून उठत नव्हते, तेव्हा सोसायटीतून आलेले. कुणाची मुगाची खिचडी, कुणाचं मेतकूट. घासून ठेवलेत कधीच. पण डबा रिकामा परत करायचा नाही हे आईने अंगात भिनवलंय, आणि भरून द्यायला हात चालत नव्हते. मग जिन्यात कुणाची चाहूल लागली की मी दाराआडच थांबायचे.

गोळ्या लागू पडल्या. झोप लागते, जेवण जातं. लोकांसमोर उभं राहणं तेवढं जमत नव्हतं. आईने सगळ्यांना 'थायरॉइड' सांगितलंय, त्यामुळे भेटेल तो थायरॉइडवरचे उपाय सांगतो आणि मी मान डोलावते. त्याचा फार थकवा येतो.

मानसिक आजारांसाठीच्या स्वमदत गटात जायला लागल्यावर 'पेशंट'ऐवजी वेगळा शब्द मिळाला, शुभार्थी. सांभाळणारा तो शुभंकर. माझा नवरा पहिल्याच दिवशी शुभंकरांमध्ये बसून रडला. घरी एकदाही रडला नव्हता. तिथे एकदा 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातलं कलम 19 वाचून दाखवलं: समाजात राहण्याचा, समाजाचा भाग असण्याचा हक्क. त्यावर एक आजोबा म्हणाले, "आम्ही मुलाला जपायचं म्हणून काही करूच देत नव्हतो. इस्त्रीचे कपडे आणायला पाठवायला लागलो, तेव्हा तो गल्लीत चार माणसांशी बोलायला लागला." ते इस्त्रीचे कपडे डोक्यातून जाईनात.

आज दाण्याची चटणी कुटली. एक डबा भरला आणि समोरच्या काकूंची बेल दाबली.

"थायरॉइड नव्हतं, काकू. डिप्रेशन होतं. गोळ्या अजून चालू आहेत."

काकू डबा हातात धरून गप्प उभ्या राहिल्या. "माझी धाकटी जाऊ…" एवढंच म्हणाल्या आणि थांबल्या. मीही पुढे विचारलं नाही. मग डबा आत ठेवून आल्या आणि म्हणाल्या, "विरजण आहे का गं तुझ्याकडे? आमचं काल लागलंच नाही."

सहा महिन्यांत माझ्याकडे कुणी काही मागितलं नव्हतं. सगळे देतच होते, प्रेमाने, हळू आवाजात. मी अक्षरशः पळत घरात आले. वाटीत दोन चमचे दही काढताना हात थरथरत होता.

वाटी अजून त्यांच्याकडेच आहे. ओट्यावर सहा डबे उरलेत. सकाळी आणखी दाणे भाजायचेत.