एक मिलिमीटर

माझं वर्कशॉप पुण्यात वारज्यात आहे. साध्या सायकलला मोटर बसवून देणं हे गेली चार वर्षं माझं मुख्य काम. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "चार्जिंगवर किती किलोमीटर जाईल?" दुसरा, "स्पीड किती?" मोटरला किती वीज सोडायची ते ठरवणाऱ्या कंट्रोलरची स्पीड-लिमिटची वायर तोडून द्या, असं सांगणारेही महिन्याला दोन-तीन येतात. 250 वॅट आणि ताशी 25 किलोमीटरच्या आत राहिलं तर नोंदणी लागत नाही, लायसन लागत नाही, हे त्यांना पाठ असतं. तरी वायर तोडून हवी असते. ब्रेक कसे आहेत, पुढचं चाक धरणारा फोर्क किती जुना आहे, हे एकानेही आजवर आपणहून विचारलेलं नाही.

पाववाल्या काकांनीही विचारलं नाही. वय साठीच्या आसपास, काळी सायकल, दांड्यांचे ब्रेक, मागे पत्र्याची पेटी. पहाटे बेकरीतून माल उचलायचा आणि चांदणी चौकाचा चढ चढून बावधनला घरोघर द्यायचा. गुडघा गेलेला. "डॉक्टर म्हणतात सायकल सोडा. सायकल सोडली तर धंदा सुटला दादा," एवढंच म्हणाले.

काळी सायकल मोटरसाठी अवघड. मागच्या चाकात हब मोटर, म्हणजे चाकाच्या मधोमध बसणारी मोटर, घालायची तर मागची रुंदी पुरत नाही, म्हणून मोटर पुढे. पुढेही ती सरळ बसत नाही. या सायकलचा पुढचा एक्सल 8 मिलिमीटरचा, फोर्कच्या टोकाला तो बसतो ती खाच तेवढीच. मोटरचा एक्सल जाड, दोन बाजूंनी चपटा केलेला, चपट्या भागाची रुंदी 10 मिलिमीटर. म्हणजे कानस घेऊन खाचेच्या दोन्ही कडांचा एक-एक मिलिमीटर काढायचा. हे काम मी कधी पोराच्या हाती देत नाही. दोन घासांनंतर एक्सल लावून बघायचा, परत दोन घास. एक्सल हाताने दाबल्यावर जेमतेम आत गेला पाहिजे, हलता कामा नये. काकांच्या सायकलला मी त्यासाठी दीड तास घालवला आणि बसला तेव्हा मनापासून बरं वाटलं.

साध्या सायकलचा एक्सल जागच्या जागी उभा असतो, चाक त्याच्याभोवती फिरतं. हब मोटरमध्ये मोटर चाकाला जेवढ्या जोराने पुढे ढकलते तेवढ्याच जोराने एक्सलला उलटं पिळते. तो पीळ खाचेच्या त्या दोन कडा पेलतात. 40 न्यूटन-मीटरचा पीळ 10 मिलिमीटरवर आला की तिथे 400 किलोच्या घरातला जोर पडतो. म्हणून टॉर्क आर्म लावतात: जाड पोलादी पट्टी, एक टोक एक्सलच्या चपट्या भागात घट्ट, दुसरं फोर्कच्या दांडीला क्लॅम्पने आवळलेलं. बाजारातल्या निम्म्या किटमध्ये ती येतच नाही, नुसता दातेरी वायसर येतो. किट बांधणाऱ्यांना दोन पट्ट्या जड होतात, याचा मला मनस्वी राग आहे. पण पट्टी माझ्याकडे होती. अॅल्युमिनियमच्या फोर्कला आर्म हवाच, लोखंडी फोर्कला 250 वॅटसाठी नको, असा माझा नियम होता. सगळे तसंच करतात. मीही तसंच केलं.

सतराव्या दिवशी पहाटे सव्वासहाला फोन आला. चांदणी चौकाच्या अलीकडे चढावर काका रस्त्याच्या कडेला बसलेले, पाव पसरलेले, पुढचं चाक एका बाजूने फोर्कमधून बाहेर. एक्सल खाचेत फिरला होता आणि मोटरची वायर त्याच्याभोवती दोरीसारखी गुंडाळून तुटली होती. चढ होता म्हणून वेग नव्हता. कोपर सोललं, तोच गुडघा आपटला. हाच प्रकार उतारावर झाला असता तर, हा विचार अजून रात्री येतो.

दुकानात फोर्क उलटा करून भिंग लावलं. डाव्या खाचेची कड बाहेरच्या बाजूला उमलली होती. जुनं लोखंड, वर्षानुवर्षं नट आवळून झिजलेलं, त्यात मी घासून आणखी एक मिलिमीटर काढलेला. शिवाय मोटरवर 250 वॅट लिहिलं असलं तरी कंट्रोलर 14 अॅम्पिअर सोडतो. 36 व्होल्टला ते 500 वॅट झाले, आणि ते नेमके चढावर, पेटी भरलेली असताना. हे गणित मला आधीपासून येत होतं.

मी म्हटलं, "काका, मोटर काढतो, सगळे पैसे परत देतो." ते म्हणाले, "पैसे नकोत. परत बसवा." मी पुन्हा समजावलं. त्यांनी पँट वर करून सुजलेला गुडघा दाखवला आणि काही बोलले नाहीत.

नवा फोर्क घातला, दोन्ही बाजूंना टॉर्क आर्म, कंट्रोलर 10 अॅम्पिअरचा. नट आवळून नटापासून फोर्कपर्यंत लाल ऑइलपेंटची रेघ ओढली. रेघ तुटलेली दिसली तर चढायचं नाही, फोन करायचा. आठव्या दिवशी फोन आला, "दादा, रेघ केसभर सरकली." सायकल हातात धरून आणायला लावली. वायसरखाली नव्या फोर्कचा रंग होता, तो दबून नट सैल पडला होता. रंग खरवडून मग आवळायचं, हे विसरलो होतो. आता सहा आठवडे रेघ जागेवर आहे.

वहीत पुढच्या चाकात मोटर बसवलेल्या आणखी सतरा सायकली निघाल्या, लोखंडी फोर्क, बिनआर्मच्या. सगळ्यांना फोन लावतोय, आर्म फुकट बसवून देतो म्हणून. अकरा जण येऊन गेले. चौघं "बघू, वेळ मिळाला की" म्हणतात. दोघांचे नंबर बंद आहेत. त्यातली एक हिरवी लेडीज सायकल आहे, पुढे वेताची टोपली. कर्वेनगरकडे जाताना रोज मी ती शोधतो.